ढवळणीच्या वायू-रिॲक्टरमधील वारंवारची तफावत: दोष मिश्रणाचा की हिशेबाचा?

सतत प्रवाहाच्या, ढवळणी बसवलेल्या रिॲक्टरमध्ये वायूंची अभिक्रिया चालू आहे. प्रवाह, तापमान आणि दाब हे तिन्ही स्थिर दिसत आहेत. तरीही बाहेर पडणाऱ्या वायूचे विश्लेषण गणिताने काढलेल्या आकड्यांशी जुळत नाही. कधी रूपांतरण (अभिकारकाचा किती भाग बदलला ते) अपेक्षेपेक्षा कमी येते, तर कधी चक्क जास्त येते. भांडे उघडून, साफ करून पुन्हा जोडले की काही काळ सारे सुरळीत चालते आणि मग तीच तक्रार पुन्हा डोके वर काढते. अशा वेळी बहुतेकांचा हात सर्वप्रथम ढवळणीचा वेग वाढवण्याच्या बटणाकडे जातो. माझ्या मते तो क्रमच चुकीचा आहे. वायूंच्या बाबतीत ढवळणीवर संशय घेण्याआधी प्रवाहाचा आणि आकारमानाचा हिशेब तपासावा, त्यानंतर ट्रेसरची, म्हणजे प्रवाहात मिसळलेल्या सहज ओळखता येणाऱ्या वायूची, एक चाचणी घ्यावी आणि तिच्या वक्रात जे दिसेल त्यानुसारच पाना हातात घ्यावा.

वायूंचे मिश्रण नेमके कोठे अडते

आदर्श ढवळ-रिॲक्टरचे गृहीतक असे की, आत शिरलेला वायू तत्क्षणी सर्वत्र पसरतो. त्यामुळे भांड्यातील कोणत्याही बिंदूवरची रचना आणि बाहेर पडणाऱ्या वायूची रचना एकच असते. प्रत्यक्षात हे काम दोन पातळ्यांवर होते. आधी मोठे भोवरे आणि अभिसरण वायूचे लोट भांडेभर फिरवतात, आणि नंतर त्या लोटांच्या पातळ होत गेलेल्या पट्ट्यांमधून रेणू विसरणाने, म्हणजे आपल्या स्वैर हालचालीने, एकमेकांत मिसळतात. द्रवांमध्ये ही दुसरी पायरी रेंगाळते, कारण तेथे श्मिट संख्या साधारण हजाराच्या घरात असते, म्हणजे संवेगाच्या मानाने रेणूंचे विसरण फारच मंद असते. वायूंमध्ये ही संख्या एकच्या आसपास असते. सर्वांत लहान भोवरा विरतो तोवर त्यातील वायूही मिसळून गेलेले असतात. त्यामुळे सूक्ष्म पातळीवरचे मिश्रण अपुरे असल्याचे निदान वायूंच्या बाबतीत क्वचितच खरे ठरते. दोष असलाच तर तो बहुधा मोठ्या अभिसरणात असतो.

मात्र याचा अर्थ वायू आपोआप मिसळतात असा नाही, आणि हा गैरसमज बराच पसरलेला आहे. सामान्य तापमानाला आणि एका वातावरणाच्या दाबाला बहुतेक वायूंचा विसरणांक प्रति सेकंद सुमारे ०.२ चौरस सेंटीमीटर असतो. पाच सेंटीमीटर अंतरासाठी विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाला विसरणांकाने भागून काढला, तर तो १२५ सेकंद येतो. रिॲक्टरमधील निवासकाळ, म्हणजे वायू आत सरासरी राहतो तो वेळ, दोन-चार सेकंदांचा असेल, तर केवळ विसरणाच्या भरवशावर राहण्यात काहीच अर्थ नाही. दाब वाढवला की विसरणांक त्याच प्रमाणात घटतो; दहा वातावरणांच्या दाबाला हाच वेळ वीस मिनिटांच्या पुढे जातो.

आधी हिशेब: निवासकाळ बरोबर काढला आहे का

निवासकाळ म्हणजे रिॲक्टरचे आकारमान भागिले रिॲक्टरच्या तापमानाला आणि दाबाला असलेला आकारमानी प्रवाह. गडबड होते ती या दुसऱ्या राशीत. मास फ्लो कंट्रोलरवर, म्हणजे वायूचा प्रवाह मोजून राखणाऱ्या उपकरणावर, दिसणारा आकडा प्रमाण स्थितीतला, म्हणजे ठरावीक संदर्भ तापमान-दाबाचा, असतो, रिॲक्टरमधला नव्हे. प्रमाण स्थिती ० अंश सेल्सिअस धरली असेल आणि रिॲक्टर त्याच दाबाला ५०० अंशांवर चालत असेल, तर प्रत्यक्ष प्रवाह ७७३ भागिले २७३, म्हणजे सुमारे २.८ पट होतो आणि निवासकाळ जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. ही चूक एवढी मोठी असते की ती सहसा लगेच पकडली जाते. निसटते ती छोटी चूक: काही उत्पादक प्रमाण तापमान ० अंश धरतात, काही २० किंवा २५ अंश. ० आणि २५ अंशांमधला फरक ९ टक्क्यांचा आहे, आणि नेमकी एवढीच तफावत लोक अपुऱ्या मिश्रणाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात.

याच पंगतीत आणखी दोन गोष्टी बसतात. औष्णिक पद्धतीचा कंट्रोलर नायट्रोजनवर अंशांकित केलेला असेल आणि त्यातून दुसरा वायू सोडला असेल, तर त्या वायूचा गुणक लावावाच लागतो. कार्बन डायऑक्साइडसाठी तो ०.७ च्या आसपास असतो. दुसरे म्हणजे, अभिक्रियेत मोलांची संख्या बदलत असेल तर बाहेर पडणारा प्रवाह आत येणाऱ्या प्रवाहाइतका राहत नाही, आणि आदर्श ढवळ-रिॲक्टरमध्ये संपूर्ण आकारमान बाहेर पडणाऱ्या वायूच्याच स्थितीत असल्यामुळे हिशेबही त्याच प्रवाहाने करायला हवा. आकारमानाबद्दल एवढेच सांगतो की, ते आराखड्यावरून घेऊ नये. ढवळणी, थर्मोवेल (तापमापकाची नळी), बास्केट (उत्प्रेरकाची जाळी) असे सारे आत बसवलेले असताना पाणी भरून, वजन करून ते मोजावे. आणि पाणी आत चालणार नसेल तर ज्ञात आकारमानाच्या सिलिंडरमधून वायूचा प्रसार करून दाबावरून काढावे.

यंत्रणेत काही बदल केल्यावर किती थांबला आहात, तेही पाहावे. आदर्श रिॲक्टरमध्ये एका निवासकाळानंतर जुन्या वायूचा ३६.८ टक्के भाग शिल्लक असतो, तीन निवासकाळांनंतर ५ टक्के आणि पाचांनंतर ०.७ टक्के. एक सहस्रांशापर्यंत खाली यायचे असेल तर सुमारे सात निवासकाळ लागतात. ज्याला ‘रीडिंग सरकत आहे’ म्हणतात, त्यातील बराच भाग हा केवळ घाईने घेतलेल्या नमुन्यांचा असतो.

ट्रेसरची चाचणी

हिशेब चोख असूनही तफावत राहिली, तर रिॲक्टरलाच विचारावे. निवासकाळाचे वितरण, म्हणजे वायूचा कोणता भाग आत किती वेळ राहतो याचा हिशेब, ही कल्पना १९३५ मध्ये मॅकमुलिन आणि वेबर यांनी मांडली आणि १९५३ मध्ये डँकवर्ट्स यांनी तिला आजचे व्यवस्थित रूप दिले. वायूंसाठी मला धुण्याची चाचणी सर्वांत सोयीची वाटते: नायट्रोजनमध्ये साधारण एक टक्का ट्रेसर मिसळून तो प्रवाह बाहेरचे रीडिंग स्थिर होईपर्यंत चालू ठेवायचा, मग झडप फिरवून तेवढाच शुद्ध नायट्रोजन सुरू करायचा आणि बाहेरच्या वायूतील ट्रेसर वेळेनुसार नोंदत राहायचे. क्षणिक झोताच्या चाचणीत नेमका किती ट्रेसर आत गेला याबद्दल जो वाद राहतो, तो येथे उद्भवत नाही.

ट्रेसर कोणता घ्यावा? निष्क्रिय, भिंतीला न चिकटणारा आणि ॲनालायझरला सहज दिसणारा. अमोनिया, पाण्याची वाफ किंवा सल्फर डायऑक्साइड यांच्या वाट्याला जाऊ नये. ते धातूच्या पृष्ठभागावर बसतात आणि सावकाश सुटतात, त्यामुळे वक्राला एक लांब शेपूट येते आणि नसलेली मृत जागा (वायू न फिरणारा भाग) दिसू लागते. हेलियम आणि आर्गॉन दोन्ही उत्तम, पण पातळ करूनच. शुद्ध हेलियमची घनता नायट्रोजनच्या एक सप्तमांश असते आणि तो झाकणाखाली जाऊन साचू शकतो. एक टक्का हेलियम असलेल्या नायट्रोजनची घनता मात्र शुद्ध नायट्रोजनपेक्षा एक टक्क्यानेही कमी नसते.

चाचणीपूर्वी एक कोरी चाचणी घ्यावी, म्हणजे रिॲक्टर वगळून झडपेपासून थेट ॲनालायझरपर्यंत. चार मिलिमीटर आतील व्यासाच्या दोन मीटर नळीत सुमारे २५ मिलिलिटर वायू मावतो. मिनिटाला एक लिटर प्रवाहावर तिचाच उशीर दीड सेकंद होतो. ॲनालायझरच्या कोशाचे आकारमान १० मिलिलिटर असून त्यातून मिनिटाला २०० मिलिलिटर वायू जात असेल, तर तो कोश स्वतःच तीन सेकंद निवासकाळाचा एक छोटा ढवळ-रिॲक्टर बनतो. रिॲक्टरचा निवासकाळ ३० सेकंद असेल तर हे खपून जाते. दोन सेकंद असेल तर आपण रिॲक्टरऐवजी ॲनालायझरच मोजत बसलेलो असतो.

वक्र कसा वाचावा

प्रत्येक क्षणाच्या ट्रेसरच्या प्रमाणाला सुरुवातीच्या प्रमाणाने भागावे, त्याचा नैसर्गिक लॉगरिथम घ्यावा आणि नळीचा उशीर वजा करून तो वेळेच्या समोर मांडावा. आदर्श रिॲक्टरमध्ये शून्यातून निघणारी सरळ रेषा मिळते आणि तिचा उतार निवासकाळाच्या व्यस्ताइतका असतो. या रेषेपासूनचे प्रत्येक विचलन काही ना काही सांगते.

झडप फिरताच रेषा एकदम खाली उडी मारून मग सरळ उतरू लागली, तर आत येणाऱ्या वायूचा काही भाग भांड्यात न फिरता थेट बाहेर जात आहे, म्हणजे बायपास आहे. उतार अपेक्षेपेक्षा तीव्र असेल, तर भांड्याचा काही भाग वापरातच नाही. रेषा आधी नीट उतरून पुढे मंद उताराला लागली, तर एखादा कोपरा मुख्य भागाशी हळूहळू देवाणघेवाण करत आहे. आणि सुरुवातीला काही वेळ काहीच बदल न होता नंतर रेषा झपाट्याने कोसळली, तर भांड्यातील वायू ढवळला न जाता नळीतल्यासारखा पुढे सरकत आहे. रूपांतरण अपेक्षेपेक्षा जास्त येण्याचे हे एक कारण आहे, ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेत (जिचा वेग अभिकारकाच्या प्रमाणाशी सरळ प्रमाणात असतो) वेग स्थिरांक गुणिले निवासकाळ हा गुणाकार २ असेल, तर आदर्श ढवळ-रिॲक्टरमध्ये रूपांतरण ६७ टक्के येते, तर नळीसारख्या प्रवाहात ८६ टक्के. आकडा चांगला आला म्हणून मिश्रण चांगले आहे, असे समजण्याचे कारण नाही.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. रिॲक्टरचे आकारमान ५०० मिलिलिटर आणि आतील स्थितीतला प्रवाह मिनिटाला १,००० मिलिलिटर आहे. निवासकाळ ३० सेकंद. चाचणीत ट्रेसरचे प्रमाण झडप फिरताच १ वरून ०.९ वर आले आणि त्यानंतर २५ सेकंदांच्या कालांकाने (दर २५ सेकंदांना ३६.८ टक्क्यांवर येत) घातांकी पद्धतीने घटत गेले. बायपास १० टक्के, हे उघडच आहे. उरलेला ९० टक्के प्रवाह, म्हणजे मिनिटाला ९०० मिलिलिटर, सक्रिय भागातून जातो आणि त्याला २५ सेकंद लागतात. म्हणून सक्रिय आकारमान ३७५ मिलिलिटर ठरते. म्हणजे १२५ मिलिलिटर जागा मृत आहे. बायपास आणि मृत जागा यांचे हे साधे प्रारूप शोलेट आणि क्लूटिए यांनी १९५९ मध्ये मांडले, आणि पहिल्या निदानासाठी ते आजही पुरेसे आहे. वरच्याच अभिक्रियेत सक्रिय भागातील रूपांतरण ६२.५ टक्के होते, त्यात १० टक्के कच्चा वायू मिसळतो आणि बाहेर ५६ टक्के दिसते. ६७ आणि ५६ यांतील या फरकासाठी अभिक्रियेच्या गतिशास्त्रात एकही बदल करण्याची गरज नाही.

येथे एक सापळा आहे. रेषा सरळ आहे, शून्यातूनच निघते, पण उतार तेवढा तीव्र आहे. अशा वेळी मृत जागा आहे असे म्हणता येईल, आणि प्रवाह आपण समजतो त्यापेक्षा जास्त आहे असेही म्हणता येईल. उतारावरून केवळ प्रवाह आणि सक्रिय आकारमान यांचे गुणोत्तर मिळते, त्यामुळे वक्र एकटा यांत निवाडा करू शकत नाही. म्हणूनच हिशेब आधी करावा असे वर म्हटले आहे. तरीही शंका राहिली तर ढवळणीचा वेग बदलून चाचणी पुन्हा घ्यावी: मृत जागा वेगानुसार कमी-जास्त होते, कंट्रोलरचा गुणक होत नाही. ढवळणीच्या वेगाच्या बटणाचा खरा उपयोग हा, म्हणजे निदानासाठी.

ढवळणी आणि नोझल: काही दिवसांनी परत येणारा दोष

साफसफाईनंतर सुधारणारा आणि मग परतणारा दोष हा बहुधा यांत्रिक असतो. ढवळणी चुंबकीय कपलिंगवर चालत असेल, तर पटलावरचा वेग मोटरचा असतो, आतल्या शाफ्टचा नव्हे. बेअरिंग झिजले किंवा त्यात काजळी बसली की कपलिंग घसरते, आतील पाती अडखळतात आणि पटलावर मात्र तोच आकडा निश्चिंतपणे झळकत राहतो. शाफ्टचा वेग वेगळ्या सेन्सरने मोजण्याची सोय असावीच. बेअरिंगवर ते स्वच्छ ठेवणारा शुद्धीकरण वायू सोडलेला असेल, तर तो एकूण प्रवाहात धरला आहे का, हेही येथेच पाहून घ्यावे.

पाती फिरत असूनही वायू ढवळला जात नाही, असेही होते. उभ्या गोल भांड्यात बॅफल (भिंतीला लावलेल्या उभ्या पट्ट्या) नसतील तर आतला सारा वायू एकसंध गोल फिरत राहतो. वरच्या आणि खालच्या थरांची देवाणघेवाण जवळजवळ होतच नाही, वेग कितीही वाढवा. शिवाय तापमानाचा परिणाम विसरला जातो. पाच सेंटीमीटर व्यासाची पाती मिनिटाला ६०० फेऱ्यांनी सामान्य तापमानाच्या हवेत फिरत असेल, तर रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे प्रवाह किती प्रक्षुब्ध आहे याचे माप, सुमारे १,७०० येते. पूर्ण प्रक्षुब्ध ढवळणीसाठी ती दहा हजारांच्या पुढे असावी लागते. हीच हवा त्याच दाबाला ५०० अंशांवर नेली की घनता घटते, विष्यंदिता (चिकटपणा) वाढते आणि रेनॉल्ड्स संख्या साधारण एक पंचमांशावर येते. थंड रिॲक्टरवर घेतलेल्या ट्रेसर चाचणीत उत्तीर्ण झालेली ढवळणी तापल्यावर नापास होऊ शकते. चाचणी शक्यतो चालवण्याच्या तापमानालाच घ्यावी.

जेटने ढवळल्या जाणाऱ्या रिॲक्टरमध्ये, ज्यांची परंपरा लाँगवेल आणि वाइस यांच्या १९५५ मधील ज्वलन-रिॲक्टरपासून सुरू होते, ढवळणीचे काम नोझलमधून सुटणारा वायूच करतो. येथे सारे काही छिद्राच्या व्यासावर ठरते. एक मिलिमीटर छिद्रातून मिनिटाला एक लिटर वायू सुमारे २१ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटतो. छिद्र दोन मिलिमीटर झाले तर वेग चौथ्या हिश्शावर येतो. रिकू आणि स्पाल्डिंग यांच्या १९६१ च्या मोजमापांनुसार पूर्ण प्रक्षुब्ध मुक्त जेट, भोवतालचा वायू त्याच घनतेचा असल्यास, ०.३२ गुणिले अंतर भागिले छिद्राचा व्यास एवढ्या पटीने वायू ओढून नेतो. एक मिलिमीटर छिद्रापासून ५० मिलिमीटर अंतरावर ही पट १६ होते, दोन मिलिमीटर छिद्रासाठी ८. भांड्याच्या आत जेट मुक्त नसतो, म्हणून हे आकडे अंदाजापुरतेच घ्यावेत, पण दिशा स्पष्ट आहे.

हायड्रोकार्बनच्या अभिक्रियेत चारांपैकी एका नोझलमध्ये काजळी धरली की त्याच्या वाट्याचा प्रवाह उरलेल्या तिघांकडे वळतो, अभिसरण एका बाजूला झुकते आणि समोरचा चतकोर सुस्तावतो. एकूण प्रवाह कंट्रोलरने राखलेला असल्यामुळे पटलावर काहीच कळत नाही. कळते ते नोझलच्या आधीच्या दाबावर. साफ केलेल्या रिॲक्टरवर तो दाब नोंदवून ठेवावा आणि दर वेळी त्याच्याशी ताडून पाहावा. माझ्या मते या संपूर्ण लेखातील सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे. एकदा मिसळलेले वायू गुरुत्वाकर्षणाने पुन्हा वेगळे होत नाहीत; पण संथपणे तळाशी शिरणारा जड वायू, किंवा तळाच्या थंड फ्लँजजवळ साचलेला गार वायू, दुबळ्या ढवळणीला दाद देत नाही. भट्टी वरून तापत असेल आणि तळ उघडा असेल, तर हे थर विशेष स्थिर राहतात. तळाला तापपट्टा गुंडाळून चाचणी पुन्हा घेतल्यास शंका फिटते.

मृत जागा शोधताना दाबमापकाची शाखा, सुरक्षा झडपेखालची नळी आणि बास्केटच्या मागची फट येथे आधी पाहावे. ज्वलनशील वायू असतील तर हा प्रश्न केवळ अचूकतेचा राहत नाही. हवेत हायड्रोजन ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान पेटू शकतो. बाहेरची सरासरी या मर्यादेबाहेर असली, तरी एखाद्या सुस्त कोपऱ्यातले मिश्रण आत असू शकते. अशा रिॲक्टरवर आधी निष्क्रिय वायूने ट्रेसर चाचणी घ्यावी, अभिक्रिया नंतर.

वक्र निर्दोष, तरीही तफावत

रेषा सरळ आहे, शून्यातून निघते, उतारही जुळतो. तरी रूपांतरण जुळत नाही. अभिक्रिया पहिल्या कोटीची असेल तर मिश्रणाला दोष देता येत नाही, कारण अशा अभिक्रियेचे रूपांतरण निवासकाळाच्या वितरणानेच पूर्णपणे ठरते. मग तापमान खरोखर सर्वत्र एक आहे का, आणि भिंत स्वतःच उत्प्रेरकाचे काम करते का, हे पाहावे. भिंतीबाबतचा संशय आत त्याच धातूचे तुकडे टाकून पृष्ठभाग वाढवल्यास तपासता येतो, मात्र त्या तुकड्यांनी घटलेले आकारमान आणि बदललेले अभिसरण हिशेबात धरावे लागते.

दोन अभिकारक वेगवेगळ्या नळ्यांनी आत येत असतील आणि त्यांची अभिक्रिया अतिजलद असेल, तर मात्र परिस्थिती निराळी आहे. ट्रेसर एका नळीतून गेला आणि त्याचा वक्र निर्दोष आला, यावरून दोन्ही वायू नळ्यांच्या तोंडाशी लगेच मिसळले असे सिद्ध होत नाही. चाचणी दोन्ही नळ्यांतून स्वतंत्रपणे घ्यावी. शक्य असेल आणि मिश्रण सुरक्षित असेल, तर दोन्ही वायू रिॲक्टरच्या आधीच, थंड असताना, एकत्र करून रूपांतरण पुन्हा मोजावे. आकडा बदलला तर नळ्यांची तोंडे ढवळणीच्या पात्यांजवळ किंवा जेटच्या मुळाशी आणावीत. बदलला नाही तर गतिशास्त्राचे स्थिरांक तपासायला घ्यावेत.